मराठी गुराबांची बांधणी व निगा

मराठ्यांच्या आरमाराविषयीं गेल्या शंभर वर्षांत जें लेखन झालें, त्यांत लढायांचा व पुरुषांचा भाग मोठा आहे. ज्यांवर बसून त्या लढाया झाल्या त्या तारवांचा भाग थोडा आहे. सुरेंद्रनाथ सेन यांनीं १९२८ सालीं मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर इंग्रजींत ग्रंथ लिहिला, रा. ढबू यांनीं १९३९ सालीं ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ हें पुस्तक सिद्ध केलें, रा. आवळसकर यांनीं १९४७ सालीं ‘आंग्रेकालीन अष्टागर’ प्रसिद्ध केलें. या परिश्रमांनीं घराण्यांचा, मुलखाचा व कारभाराचा इतिहास पुष्कळच उजेडांत आला. परंतु गुराबेचा तळ कसा होता, तिला पाणी किती लागे, तिच्या बुडाची डागडुजी कोण, केव्हां व कोठें करी, हे प्रश्न सुतारकामाचे म्हणून बहुधा मागेंच राहिले.

या दुर्लक्षामुळें दोन मतें रूढ झालीं आहेत. मराठ्यांस मोठीं जहाजें बांधतां आलीं नाहींत म्हणून त्यांचें आरमार इंग्रजांपुढें टिकलें नाहीं, हें एक. आणि तीं बांधण्याची त्यांस गरजच नव्हती, तुळाजीचा घात केवळ घरच्या फितुरीनें झाला, हें दुसरें. पहिलें मत इंग्रज लेखकांच्या तोंडचें व दुसरें आमच्या अभिमानाचें आहे. दोन्हीं मतें लाकडाकडे, खाडीकडे व भरतीकडे न पाहतां दिलेलीं आहेत. प्रस्तुत लेखाचें म्हणणें असें कीं, मध्यम आकाराची गुराब ही जाणूनबुजून केलेली निवड होती. ती कोंकणच्या उथळ खाड्यांस व दर वर्षींच्या डागडुजीस बेतलेली होती. आणि ज्या एका बंदरास हा बेत लागू पडत नव्हता, नेमक्या त्याच बंदरांत ती जळाली.

प्रथम आरंभाकडे वळूं. कल्याण व भिवंडी हीं स्थळें १६५७ सालीं शिवाजी महाराजांच्या हातीं आलीं, आणि त्यांबरोबर खाडीचें पाणी व मागील डोंगरांतील साग हीं दोन्ही एकदम मिळालीं. आरमाराचा पाया येथें पडला. या पहिल्या बांधणीचा विश्वसनीय पुरावा पोर्तुगीज दप्तरांत आहे व तो पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं उजेडांत आणला. रुई लैतांव व्हिएगश नांवाचा पोर्तुगीज व त्याचा मुलगा हे १६५९ च्या सुमारास कल्याण, भिवंडी व पनवेल येथें महाराजांसाठीं वीसेक युद्धनौका बांधीत होते, व त्यांच्या हाताखालीं पोर्तुगीज व मिश्र जातीचीं मिळून सुमारें ३४० माणसें होतीं. वसईच्या अधिकाऱ्यांच्या लक्षांत धोका आला तेव्हां त्यांनीं या मंडळींस फोडलें, आणि तीं काम टाकून निघून गेलीं.

या प्रकरणाचा अर्थ कित्येक जण असा करतात कीं, मराठ्यांस जहाज बांधण्याची विद्याच नव्हती, ती उसनी घ्यावी लागली. हा अर्थ बरोबर नाहीं. कोंकणांत गलबतें, शिबाडें, मचवे व पडाव पिढ्यान् पिढ्या बांधले जात होते. उणीव होती ती तोफा वाहणाऱ्या तारवाची. कारण मालाचें ओझें तळाशीं बसतें आणि तोफेचें ओझें वर, कठड्याशीं बसतें. मीठ अगर भात भरलेलें शिबाड जितकें भरावें तितकें पाण्यांत स्थिर होतें; त्याच शिबाडाच्या वरच्या तख्तावर चार तोफा ठेवल्या तर तें लाटेस कलंडूं लागतें, आणि तोफ उडाली म्हणजे मागचा धक्का वांकांना, म्हणजे आंतील फांसळ्यांना, बसतो. हें गणित पोर्तुगीज कारागिरांस ठाऊक होतें. तीं माणसें निघून गेल्यावर काम बंद पडलें नाहीं, यावरूनच तें गणित एव्हांना येथील सुतारांच्या हातीं आलें होतें असें म्हणतां येतें. सभासदानें आपल्या बखरींत गुराबा, तरांडीं, गलबतें, शिबाडें इत्यादि जातींची यादी दिली आहे. त्यानें दिलेल्या संख्येवर फार भर देण्याचें कारण नाहीं, पण जातींचीं नांवें मोलाचीं आहेत.

यापुढील साधन म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेलें १७१५ च्या सुमाराचें आज्ञापत्र. त्यांतील आरमाराचें प्रकरण राजनीति म्हणून वाचलें जातें. तें नौकाबांधणीचा नियम म्हणूनही वाचलें पाहिजे. गुराबा फार थोर नकोत व फार लहानही नकोत, गलबतें त्याच मानानें करावीं, आणि वाऱ्यावांचून जीं चालणार नाहींत असलीं थोर तारवें करण्याचें प्रयोजन नाहीं, असा त्याचा स्पष्ट आशय आहे. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा, आणि त्याच्या खर्चास मुलखांतून नेमणूक. बंदरच्या उत्पन्नावर आरमाराचा बोजा टाकला तर सावकारांस उपद्रव होईल व बंदर बुडेल, हाही इशारा तेथें आहे. थोर जहाज नको हें म्हणणें असमर्थाचें नाहीं. त्याला कारण दिलेलें आहे, आणि तें कारण वाऱ्याचें आहे.

हें कारण ज्यानें कोंकणचा समुद्र पाहिला आहे त्यास तत्काल पटेल. आश्विन-कार्तिकापासून पुढें सहासात महिने किनाऱ्यावर वाऱ्याची एक ठरलेली रीत असते: रात्रीं जमिनीकडून समुद्राकडे, दोन प्रहरांनंतर समुद्राकडून जमिनीकडे. या दोहोंमध्यें सकाळीं कांहीं घटका समुद्र तव्यासारखा सपाट पडतो. या वेळीं मोठें चौकोनी शिडांचें विलायती जहाज जागच्या जागीं खिळून राहतें. तोंड फिरवावयाचें म्हटलें तरी पुढें होड्या लावून ओढावें लागतें. वल्ह्यांवर चालणाऱ्या तारवास हीच वेळ सोयीची. इंग्रज इतिहासकार ओर्म यानें आंग्र्यांच्या लढण्याची जी रीत वर्णिली आहे ती याच वेळेस धरून आहे: गलबतांनीं गुराबांस ओढीत न्यावें, शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस, जेथें त्याच्या बाजूच्या तोफा लागूं पडत नाहींत तेथें, गुराबा उभ्या कराव्या, प्रथम डोलकाठ्या तोडाव्या, आणि जहाज पांगळें झालें म्हणजे चोहोंकडून माणसें चढवावीं.

गुराबेचें रूपही ओर्मनेंच सर्वांत नेटकें सांगितलें आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशें टनांच्या आंतली, तीन डोलकाठ्यांची सुमारें तीनशें टनांची. लांबीच्या मानानें रुंदी पुष्कळ, मध्यापासून टोकाकडे निमुळती, आणि पाणी अगदीं थोडें लागणारी. विलायती जहाजाप्रमाणें पुढें फुगीर छाती नाहीं. तिच्याऐवजीं लांब पुढें आलेली चोंच. गुराब हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ कावळा असा आहे. चोंचीवरून नांव पडलें कीं रंगावरून, हा वाद शब्दकोशकारांकडे सोंपवूं. चोंचीवर तख्तपोशी असे, पण तिला कठडा नसे, आणि मुख्य तख्तापासून ती आडव्या भिंतीनें तोडलेली असे. या भिंतींतील भोंकांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा चोंचीवरून समोर रोखलेल्या असत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी.

चोंचीस कठडा कां नाहीं, याचें उत्तर तिच्या घडणींतच आहे. ज्या तारवाची नाळ निमुळती असते तिला पुढल्या अंगास तरण्याचें बळ कमी. समोरची लाट आली कीं नाळ वर न उचलतां लाटेंत शिरते. कठडा असता तर प्रत्येक लाटेचें पाणी तख्तावर कोंडून राहिलें असतें व त्या ओझ्यानें नाळ अधिकच दबली असती. कठडा काढून टाकला म्हणजे आलेलें पाणी दोन्ही बाजूंनीं वाहून जातें, आणि मागील आडवी भिंत तें मुख्य तख्तावर येऊं देत नाहीं. दोष पत्करून त्याचा उपद्रव कमी करण्याची ही युक्ति आहे. मात्र दोष राहतोच. भर समुद्रांत, समोरच्या वाऱ्यांत, लाटांच्या दिवसांत गुराब हें चांगलें तारूं नव्हे. तिला शांत पाणी, जवळचा किनारा व आश्रयाची खाडी पाहिजे. मराठी आरमार दूर समुद्रांत कां गेलें नाहीं, या प्रश्नाचें निम्में उत्तर या नाळेंत आहे. उरलेलें राजकारणाचें आहे व तें येथें नको.

गलबत हें तिचें धाकटें भावंड. मोठ्यांत मोठें सत्तर टनांचें, दोन डोलकाठ्यांचें, त्यांतली मागील अगदीं हलकी. मुख्य काठीवर एकच मोठें त्रिकोणी शीड. तें चढविलें कीं त्याचें टोंक काठीच्याही पुष्कळ वर जाई. चाळीस-पन्नास वल्हीं, आणि त्यांच्या जोरावर तासास चार मैलांची चाल. वजन वांचविण्यासाठीं बहुतेक गलबतांचें तख्त चिरलेल्या बांबूंचें करीत, व त्यावर फिरत्या खुंट्यांवरील लहान तोफा तेवढ्या ठेवीत. थोरल्या गलबतांसच लांकडी तख्त व दोन ते चार पौंडी सहाआठ तोफा मिळत. बांबूचें तख्त ऐकून आज हसूं येईल; परंतु वल्ह्यांवरच्या तारवांत वरचें प्रत्येक मण ओझें हें वल्हेकऱ्यांच्या दंडांतून वसूल होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांतील शहाणपण दिसेल.

आतां लाकडाविषयीं. तळाच्या व बाजूच्या फळ्यांस साग, हें सर्वत्र मान्य होतें. सागांत स्वाभाविक तेल असतें. त्यामुळें तो पाण्यानें लवकर कुजत नाहीं, उन्हानें फारसा वळत नाहीं, आणि विशेष म्हणजे त्यांत ठोकलेला लोखंडी खिळा गंजून जात नाहीं. विलायतेंतील ओक लाकडांत तुरट आम्ल असतें. तें लोखंडास खातें, आणि गंजलेल्या खिळ्याभोंवतालचें लाकूडही नासतें. लेफ्टनंट कर्नल वॉकर यानें १८११ सालीं हिशेब मांडला होता कीं, इंग्लंडच्या आरमारांतील जहाज दर बारा वर्षांनीं नवें करावें लागतें, आणि मुंबईचें सागवानी जहाज पन्नास वर्षें व अधिकही टिकतें. सागाचें महत्त्व आज्ञापत्रकारांसही ठाऊक होतें. राज्यांतील अरण्यांतला साग हुजूरच्या परवानगीनें तोडावा, अधिक लागेल तो परमुलखांतून विकत आणावा, परंतु रयतेच्या आंबा-फणसांस हात लावूं नये. तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, आणि जीर्ण झाड घ्यावयाचें तरी धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावें, असें त्यांत सांगितलें आहे. या कलमाचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. त्यांतील एक गोष्ट मात्र कमी बोलली जाते. आंबा व फणस हींही आरमाराच्या उपयोगाचीं लाकडें आहेत, असें लेखक स्वतःच कबूल करतो. म्हणजे हा दयेचा उपदेश फुकटचा नव्हता. त्यासाठीं सुतारांच्या हातचें लाकूड सोडावें लागत होतें.

फळ्या जोडण्याच्या कामांत पश्चिम किनाऱ्याचे कारागीर विलायतेहून निराळे होते. इंग्रज सुतार दोन फळ्यांच्या सपाट कडा शेजारीं ठेवून मधली फट जुन्या दोरखंडाच्या धाग्यांनीं व डांबरानें भरी. आपल्याकडे एका फळीच्या कडेस खांच पाडून तींत दुसरीची कड बसवीत. मध्यें कापूस व राळतेल घालून ती घट्ट ठोकीत. १७५० सालीं मुंबईस आलेला ग्रोस नांवाचा इंग्रज या जोडकामाची व तळास तेल पाजण्याच्या चालीची तारीफ करतो. नवें जहाज उतरत्या घसरणीवरून पाण्यांत न लोटतां, जेथें तें बांधलें तेथपर्यंत पाण्याचा चर खणून आणीत व जहाज त्यांत अलगद सोडीत, असेंही तो सांगतो. खांचेच्या सांध्यास वेळ व लाकूड दोन्ही अधिक लागतात, पण तारूं लाटेवर वांकलें तरी सांधा उघडत नाहीं.

येथें एका जुन्या समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. भोजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथांत, समुद्रांतील लोहचुंबकाचे खडक ओढून घेतील म्हणून नौकेच्या तळास लोखंड लावूं नये, असें म्हटलें आहे, आणि राधाकुमुद मुकर्जी यांच्या १९१२ च्या पुस्तकापासून हें वचन आमच्याकडे वारंवार पुढें केलें जातें. असे खडक कोठेंही नाहींत. काथ्यानें शिवलेल्या नौका या समुद्रावर होत्या हें खरें. पण त्याचें कारण निराळें आहे. शिवलेला तळ लवचीक असतो, तो पुळणीवर आपटला तर फुटत नाहीं, आणि काथ्या लोखंडाहून स्वस्त. तोफ आली आणि हा प्रकार युद्धनौकेपुरता संपला, कारण तोफेचा धक्का सोसण्यास घट्ट सांगाडाच पाहिजे. मराठी गुराब ही खिळ्यांची नौका होती. तिच्या बाबतींत चुंबकाची कथा सांगणें म्हणजे एका जातीचें वर्णन दुसरीस चिकटविणें होय.

बांधणीहून निगेचें काम अधिक. उष्ण समुद्रांत लाकडी तळाचे दोन शत्रु आहेत. एक, बाहेरून चिकटणारे शेवाळ, शिंपले व कालवें. यांनीं तळ खरबरीत होऊन चाल निम्म्यावर येते. दुसरा, लाकूड पोखरणारा किडा. हा दिसण्यांत किडा असला तरी वस्तुतः शिंपल्यांच्याच वर्गांतला प्राणी आहे. टांचणीच्या टोंकाएवढ्या भोंकानें आंत शिरतो व आंतल्या आंत वाढतो, त्यामुळें बाहेरून साबूत दिसणारी फळी आंतून चाळण झालेली असते. यावर इंग्रजांनीं तांब्याचे पत्रे मारण्याची रीत काढली, पण त्यांच्या आरमारांत ती सर्रास झाली ती १७८० च्या आसपास. तोंवर तेही आमच्याच बरोबरीचे होते. आमचा उपाय म्हणजे तळ कोरडा करून खरडणें, जाळाचा शेक देणें, सांधे पुन्हां भरणें, आणि तेल व चुन्याचा लेप देणें. उंडीच्या बियांचें तेल, माशाचें तेल, राळ, चुना, कापूस, काथ्या: हें सामान गोदीच्या खर्चांत नित्याचें समजावें.

तळ कोरडा करावयाचा म्हणजे तारूं वर काढावें लागतें, आणि येथें गुराबेच्या आकाराचें खरें मर्म उघड होतें. भरतीस तारूं पुळणीवर अगर खाडीच्या कांठीं आणावें. ओहोटी झाली कीं तें बसतें. तळ रुंद व उथळ असेल तर तें बहुतेक सरळ बसतें व थोड्या आधारानें उभें राहतें. एका ओहोटींत एका कुशीचें व पुढल्या ओहोटींत दुसरीचें काम होतें. उलट, खोल तळाचें विलायती जहाज असें टेंकविलें तर तें कुशीवर कोसळतें, आणि तोफांच्या व काठ्यांच्या ओझ्यानें त्याचे सांधे निखळतात. त्याला कोरडी गोदी पाहिजे, किंवा आधीं तोफा, काठ्या व सामान सगळें उतरवून मग दोरांनीं एका कुशीवर ओढून पाडावें लागतें. गुराबेस कोंकणची प्रत्येक खाडी ही गोदी होती. जें तारूं वर्षांतून दोनतीनदां वर काढणें भाग, तें वर काढतां येईल एवढेंच असावें, ही आज्ञापत्रांतील ‘मध्यम’ शब्दाची दुसरी बाजू आहे.

पावसाळ्याच्या छावणीकडे याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. मृगाच्या आधीं आरमार बंदोबस्तानें खाडींत न्यावें, किल्ल्याचा आश्रय पाहावा, आणि दर वर्षीं एकाच बंदरीं छावणी करूं नये, असें आज्ञापत्रांत आहे. आरमाराचे लोक एके ठिकाणीं कायमचे बसले तर गांवकऱ्यांस जाच होतो, हें त्याचें सांगितलेलें कारण. न सांगितलेला एक फायदा लाकडाचा आहे. पावसाळ्यांत सह्याद्रीचें पाणी खाड्यांतून लोटतें आणि वरच्या भागांत पाणी कित्येक आठवडे गोडें होतें. गोड्या पाण्यांत लाकूड पोखरणारा किडा फार दिवस जगत नाहीं; कालवेंही मरून सुटूं लागतात. खाडींत आंतवर चार महिने बांधून ठेवलेलें तारूं नारळी पौर्णिमेनंतर बाहेर काढलें म्हणजे निम्मी सफाई सृष्टीनेंच केलेली असे. हें कोणी शास्त्र म्हणून लिहून ठेविलें नाहीं. पण कोंकणच्या तांडेलांस तें ठाऊक नव्हतें असें मानणें कठिण आहे.

या सर्व व्यवस्थेचा दगडांत उरलेला पुरावा म्हणजे विजयदुर्गाची गोदी. किल्ल्यापासून वाघोटणच्या खाडींत सुमारें दोन मैल आंत, कांहीं खडकांत खोदून व कांहीं दगड रचून केलेली ही गोदी आंग्र्यांची म्हणून प्रसिद्ध आहे. तिची लांबी सुमारें ३५५ फूट व रुंदी सुमारें २२७ फूट आहे. रुंदीचें हें माप लक्षांत घेण्याजोगें आहे. एका मोठ्या जहाजासाठीं केलेली गोदी लांबट व अरुंद असते. ही जवळजवळ हौदासारखी रुंद आहे. म्हणजे अनेक मध्यम तारवें एकदम शेजारीं शेजारीं घेण्यासाठीं ती केली असली पाहिजे. एका सुभ्याच्या पांच गुराबा व कांहीं गलबतें तींत एकाच वेळीं सहज मावतील.

परंतु या गोदीस निसर्गानें एक मर्यादा घातली होती. मुंबईस उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी यांच्या पाण्यांत बारा-चौदा फुटांचें अंतर पडतें, कधीं त्याहूनही अधिक. दक्षिणेकडे जावें तसें तें कमी होतें, आणि विजयदुर्गाकडे निम्म्यावर येतें. भांगाच्या दिवसांत तर फारच थोडें. भरतीओहोटीवर चालणाऱ्या गोदींत जेवढें पाणी चढतें-उतरतें तेवढ्याच मानानें तारूं आंत घेऊन कोरडें करतां येतें. बारा-चौदा फूट पाणी लागणारें जहाज मुंबईस कोरडें पडेल. वाघोटणास पडणार नाहीं. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस १७३६ सालीं आला, पहिली कोरडी गोदी १७५० सालीं झाली, आणि १७६२ व १७६५ सालीं आणखी दोन झाल्या. या कामाचें श्रेय कंपनीच्या पैशास व पारशी कारागिरांच्या हुन्नरास आहेच. पण चंद्राच्या ओढीनें मुंबईस मिळणारें तें जास्तीचें पाणी नसतें तर दोन्ही व्यर्थ होतीं. आंग्र्यांच्या हातीं मुंबई नव्हती, आणि कितीही पैसा ओतून वाघोटणची भरती वाढण्यासारखी नव्हती.

आतां मूळ प्रश्न. थोड्या पाण्यांत चालणाऱ्या आरमाराचें सामर्थ्य असें कीं, बाहेर जड शत्रु भेटला तर त्यानें खाडींत शिरावें; मुखाशीं वाळूचा दांडा असतो, त्यावर थोडें पाणी असतें, आणि खोल तळाचें जहाज मागें येऊं शकत नाहीं. कोंकणच्या बहुतेक खाड्या अशाच आहेत. विजयदुर्ग तसा नाहीं. त्या बंदराच्या तोंडाशीं दांडा नाहीं, पाणी खोल आहे, आणि मोठीं जहाजें कोणत्याही हवेंत आंत येऊं शकतात. बंदर म्हणून हा गुणच. परंतु उथळ तळाच्या आरमाराचें घर म्हणून हा दोष. कान्होजीच्या काळीं तो झांकला गेला. १७२० सालीं इंग्रजांनीं विजयदुर्गावर स्वारी केली ती मुंबईहून ‘फ्राम’ नांवाचा सपाट तळाचा, थोडें पाणी लागणारा तरता तोफखाना खास बांधून; तरीही ती फसली.

तुळाजीच्या काळीं दोन्ही बाजूंनीं फरक पडला. १७३५ सालीं ‘डर्बी’ हें कंपनीचें मोठें जहाज आंग्र्यांच्या हातीं लागलें होतें. १७४९ सालीं तुळाजीनें ‘रिस्टोरेशन’ घेतलें, १७५४ सालीं डचांच्या जहाजांस धूळ चारली, आणि विजयदुर्गास स्वतःचीं मोठीं जहाजें बांधावयास घेतलीं. आज्ञापत्रांतील नियम तो सोडूं लागला होता. मात्र मोठें जहाज ठेवावयाचें तर खोल पाण्याचें बंदर पाहिजे, आणि खोल पाण्याचें बंदर शत्रूच्या मोठ्या जहाजांसही मोकळेंच. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं वॉटसनचीं जहाजें, त्यांत सत्तर तोफांचें ‘केंट’ धरून, रांगेनें बंदरांत शिरलीं. असल्या जहाजांस अठरा-वीस फूट पाणी लागतें. तीं जयगडच्या किंवा राजापूरच्या खाडींत वर जाऊं शकलीं नसतीं. आंग्र्यांच्या गुराबा किल्ल्याच्या आडोशास एकमेकींस बांधून ठेवलेल्या होत्या. एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला, तें पेटलें, आणि त्या आगीनें एकामागून एक सगळें आरमार खाल्लें, बांधणीवर असलेलीं जहाजेंही राहिलीं नाहींत. दुसऱ्या दिवशीं किल्ला गेला. सागास जें तेल पाण्यापासून वांचवितें, राळ व माशाचें तेल जें वर्षानुवर्षें तळास पाजलेलें असतें, तेंच अशा वेळीं सरपण होतें.

पेशव्यांनीं इंग्रजांस मदतीस घेऊन आपलेंच आरमार बुडविलें, हा आक्षेप राजकीय दृष्ट्या खरा आहे व त्याचें उत्तर नाहीं. तथापि त्या दिवशीं जें जळालें तें निव्वळ फितुरीनें जळालें नाहीं. गुराबा वाघोटणच्या खाडींत खारेपाटणच्या बाजूस आंत नेल्या असत्या तर ‘केंट’ त्यांच्यामागें गेलें नसतें. त्या किल्ल्याच्या तोफांच्या भरंवशावर बंदराच्या तोंडाशीं राहिल्या. कान्होजीचा अनुभव असा कीं किल्ला जहाजांस राखतो. तो अनुभव वॉटसनच्या तोफांपुढें खोटा ठरला. वर्षभर आधीं, १७५५ च्या एप्रिलांत, जेम्सनें सुवर्णदुर्गाजवळ पाण्याची खोली मोजीत जवळ जाऊन तो किल्ला घेतला होता. धडा मिळालेला होता, तो वेळेवर घेतला गेला नाहीं.

पेशव्यांचें आरमार पुढें याच बंदरांत धुळपांच्या हाताखालीं उभें राहिलें, आणि तें पुन्हां जुन्याच घडणीचें होतें. ८ एप्रिल १७८३ रोजीं आनंदराव धुळपांनीं ‘रेंजर’ हें इंग्रज जहाज घेतलें, तेव्हांही दोन मोठीं तारवें, एक दोन डोलकाठ्यांचें जहाज व आठ गलबतें असाच मेळ होता. एकट्या जहाजास गांठून, वाऱ्यापेक्षां वल्ह्यांवर विसंबून, माणसें चढवून जिंकण्याची रीत तीच. १८१८ सालीं किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला तेव्हां ती संपली. त्याच्या आदल्याच वर्षीं, १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं, मुंबईच्या गोदींतून ‘ट्रिंकोमाली’ हें सागवानी जहाज वाडियांनीं पाण्यांत सोडलें होतें. तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर आहे. लाकूड तेंच, किनारा तोच. फरक तळाच्या खोलीचा व भरतीच्या उंचीचा.

वाघोटणची गोदी अजून जागेवर आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस विजयदुर्गाच्या परिसराची पाहणी केली, तींत या गोदीचाही समावेश होता. आतां पाहिजे तें एक साधें माप: गोदीच्या तोंडाशीं खडकाचा उंबरठा किती खोल आहे. गाळ बाजूस करून तो मोजला, आणि उधाणाच्या व भांगाच्या पाण्याशीं ताडून पाहिला, तर आंग्र्यांच्या गुराबेस जास्तींत जास्त किती फूट पाणी लागत असे हें दप्तराच्या साह्यावांचूनही ठरवितां येईल. तुळाजीनें बांधावयास घेतलेलीं मोठीं जहाजें या गोदींत येऊं शकलीं असतीं कीं नाहीं, तेंही त्याच मापानें कळेल.